बूच मारलेल्या नळ्या

रामहरी कळंबजवळच्या एका दूध केंद्रात ऑपरेटर होता. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून आलेलं दूध नासायच्या आत गार करायचं, हे त्याचं काम. केंद्रामागं कंडेन्सर उभा होता. लोखंडी पिंपासारखा, आत नळ्यांचा जुडगा. नळ्यांतून विहिरीचं पाणी धो धो वाहायचं आणि बाहेरून तापलेला अमोनिया गार व्हायचा.

विहीर मचूळ होती. भोवतीच्या उसाला पाट सोडून सोडून जमिनी क्षारपड झाल्या होत्या, तेच मीठ झिरपून विहिरीत उतरायचं. शिवाय मोटार बारीक रेती ओढायची. रेतीनं नळ्या आतून झिजायच्या, मिठानं गंजायच्या. एखादी नळी फुटली की गॅस पाण्यात उतरायचा, नाक झोंबायचं. मग मशीन बंद करून रामहरी फुटकी नळी हुडकायचा आणि दोन्ही तोंडांत बूच ठोकायचा. रोज सकाळी तो आधी पाण्याचा वास घ्यायचा, मगच चहा.

अशी दोन वर्षं गेली. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यापर्यंत चालू नळ्यांपेक्षा बूच मारलेल्याच जास्त झाल्या. तो चेअरमनकडं गेला.

"दादासाहेब, आता ठोकायला नळ्याच उरंनात. नव्या टाका, न्हायतर पानी तरी बदला."

"मीटिंगीत घेतो, रामहरी. एवढा उन्हाळा निभावून ने."

"तवर नळ्या थांबत्याल व्हय?"

दादासाहेबांनी पेपर उचलला. रामहरी चप्पल घालून परत निघाला.

उरलेल्या नळ्यांवर गॅस पुरता गार होईना, त्याचा दाब वाढायचा. मे महिन्यात मशीनवरचा प्रेशरचा काटा वर चढायला लागला, की रामहरी तिथून हलायचा नाही. एक दिवस त्यानं भिऊन मशीन बंद केलं आणि टाकीतलं सगळं दूध नासलं. गटारीत ओतताना लीलाबाई तिथंच उभी होती. एका म्हशीवर घर चालवणारी बाई.

"रामहरी, पोरांच्या तोंडचं काढून आमी हितं घालतो. आन् तू ओतून देतोस?"

तो मान खाली घालून पाणी मारत राहिला. घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. "सोडा ती नोकरी," कुशाबाई म्हणाली.

"सोडून काय करू? दुसरं येतंय काय मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनची रांग लागलेली असताना काटा पुन्हा चढला. मशीन बंद करायला त्यानं हात पुढं केला, आणि रांगेतली लीलाबाई दिसली. हात तसाच मागं आला. एवढं दूध गार होऊ दे, मग बंद करू, असं म्हणत तो काट्याकडं बघत राहिला.

मागं कंडेन्सरचा जोड फट्कन उडाला. गॅसचा पांढरा लोट भिंतीवरून ओसरीवर आला. बायका खोकत, पदर तोंडाला लावून सैरावैरा धावायला लागल्या.

"वारं जिकडनं येतंय तिकडं पळा!" रामहरी ओरडला. मशीन बंद करून, ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून तो लोटात शिरला. गॅस बंद करायच्या व्हॉल्व्हचं चाक गंजलेलं, फिरेना. डोळे मिटून अंगाच्या जोरानं त्यानं ते आवळलं. बाहेर आला तेव्हा तो हातांनी भिंत चाचपत होता. लोकांनी त्याला हौदाशी नेऊन डोळ्यांत पाणी मारलं. गॅस थांबला होता. बाकी कुणाला काही झालं नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी उजवा डोळा गेल्याचं सांगितलं. डाव्यानं उजेड तेवढा कळायचा. कुशाबाई खाटेशी बसून विचारत होती, "लोक म्हणत्यात, हात पुढं केलता नव्हं बंद करायला? मग का न्हाय केलं?" त्यानं कूस बदलली. लीलाबाईचं नाव त्यानं कधी घेतलं नाही.

नव्या नळ्या पंधरवड्यात आल्या. विहीर तीच राहिली. मीटिंगीत ठराव झाला आणि रामहरीला कॅन धुवायचं काम मिळालं. त्या कामाला डोळ्यांची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी तो कॅनमध्ये हात घालून बसला होता. तेवढ्यात मशीन सुरू झालं, भिंतीमागं नळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याचे हात थांबले. तो तसाच कान देऊन बसला, वास येतोय का बघत.

"रामहरी, कॅन दे की," कुणीतरी हाक मारली.

त्यानं कॅन पालथा केला आणि दुसरा ओढला. संध्याकाळी कुशाबाईनं त्याचा डबा उघडला, तर भाकरी तशीच होती.