बटणं नसलेला बेंजो

“पुस्तकात असंल की,” असे म्हणून काका दोन्ही तळवे माझ्या टेबलावर उपडे ठेवत. श्रीरामपूरच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. रोज कितीतरी हात त्या टेबलावर येतात, पण इतके निश्चिंतपणे टेकलेले हात मी दुसरे पाहिले नाहीत. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर इंजिने उघडलेले ते हात. निवृत्तीनंतरही नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ होती, आणि साबणाच्या वासाखालून डिझेलचा पुसट वास येई. बिघाड कोणताही असो, तो दुरुस्त करण्याचे पुस्तक जगात कुठेतरी छापलेले असतेच, असे त्यांना मनापासून वाटे.

त्यांना बेंजो शिकायचा होता.

आमच्या भागात बेंजो म्हटले की काय डोळ्यांपुढे येते, हे तुम्हाला सांगायला नको. वरातीची गाडी, कर्णे, आणि बटणे दाबून वाजवायचे ते पेटीसारखे वाद्य. वर्तमानपत्रांच्या टेबलावरून लगेच कुणीतरी विचारले, “काका, आता कुणाच्या वरातीत बसता?”

“तुझ्याच. आधी नवरी तर मिळू दे,” काका म्हणाले, आणि मग आवाज उतरवून मला कारण सांगितले.

काकूंना पक्षाघात होऊन वर्ष झाले होते. उजवी बाजू गेली, बोलणे गेले. दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसत. हाक मारली तरी वळत नसत. घरी कपाटावर एक जुने वाद्य होते. काकू मिशनच्या वसतिगृहात शिकत असताना तिथल्या एका परदेशी मिसबाईंनी मायदेशी परतताना ते त्यांना दिले होते. काकूंनी ते कधी वाजवले नाही आणि कुणाला देऊही दिले नाही. नाताळच्या साफसफाईत काकांचा फडका त्याच्या तारांवरून फिरला, आणि काकूंनी मान वळवली.

“फडक्यानं मान वळली, बाई. नीट वाजवलं तर बोलंल का न्हाई?”

उत्तरही त्यांनीच दिले. “पुस्तकात असंल की.”

मी पुण्याहून पुस्तक मागवले. सोपे, मराठी, घरी बसून शिकण्याजोगे. चार दिवसांनी काका ते परत घेऊन आले. “यात बटनं हायेत. आमच्याला न्हाईत.” कवितेतला एकेक शब्द कानाशी धरून पाहण्याची सवय असलेली मी; पण त्यांचा ‘बेंजो’ हा एक शब्द ऐकला आणि डोळ्यांपुढे वस्तू भलतीच आणली. दुसऱ्या दिवशी ते चादरीत गुंडाळून वाद्यच घेऊन आले. हा मूळचा, परदेशी बेंजो: चाळणीसारखे गोल, त्यावर ताणलेले कातडे, लांब मान, गंजाचा वास. तारा पाच, त्यांतली पाचवी मानेच्या मध्यावरूनच निघालेली, उशिरा येऊन पंगतीत बसल्यासारखी.

दुसरे पुस्तक त्या वाद्याचा फोटो जुळवून मागवले. ते इंग्रजी होते आणि यायला दीड महिना लागला. त्यात तीन बोटांना धातूच्या टोप्या घालायला सांगितले होते. काकांनी पितळी पत्रा कापून टोप्या स्वतःच घडवल्या. आठवड्याने आले, तेव्हा तळवे टेबलावर टेकले नाहीत.

“तिनं कानावर हात ठेवला. हा तिच्या मिसबाईंचा आवाज न्हाई.”

मिसबाई कशा वाजवत, हे काकू कधी बोलल्या होत्या का, असे मी विचारले. मग त्यांना आठवले. लग्न नवे असताना काकूंनी हसत सांगितले होते: मिसबाईंचा हात कोंबडीने माती उकरावी तसा वरून खाली येई, नखावर.

त्या कोंबडीवरून मी शोधत गेले आणि त्या वादनाचे नाव सापडले. खिळे उपटायच्या हातोडीचे नाव. क्लॉ-हॅमर. काका प्रथमच मोठ्याने हसले. “आँ? ती तर माझ्या पेटीत हाय.”

या वेळी मी घाई केली नाही. पाच-सहा पुस्तकांची नमुन्याची पाने त्यांच्यासमोर ठेवली. मोबाईलवरची वादनेही दाखवली, पण ती त्यांनी हाताने बाजूला सारली. “हा गडी थांबत न्हाई. पुस्तक थांबतं.” अखेर हाताचे मोठे फोटो आणि ठळक आकडे असलेले पुस्तक त्यांनी निवडले. पाच तारांच्या पाच रेघा आणि त्यांवरचे आकडे पाहून म्हणाले, “हे तर वायरिंगचं चित्र हाय.”

ते पुस्तक येईपर्यंत उन्हे तापली. दुपारी वाचनालय ओस पडे, पंखा कुरकुरत असे, आणि मी एकेक वाक्य मराठीत करून सांगे: तर्जनीच्या नखाची पाठ तारेवर आपटा, मग नखे सगळ्या तारांवरून खाली न्या, मग अंगठ्याने पाचवी तार सोडा. मला सूर कळत नव्हता, त्यांना इंग्रजी. टण्, छन्-टिं. जन्मभर नखे कापत आलेल्या त्या माणसाने एक नख वाढवले. चहाचा कप धरतानाही ते बोट वेगळे, वर ठेवत.

काकूंचे जेवण मात्र कमी होत चालले होते. मधल्या महिन्यांत, मी चुकीची पुस्तके मागवत असताना, त्यांचे मान वळवणेही थांबले होते. काका मला दोष देत नसत. त्याने अधिकच लागे.

“पहिली धून पान चाळिसावर हाय,” ते म्हणत. आम्ही बाराव्यावर होतो.

एके दिवशी ते दारातूनच बोट वाकवत आले आणि टेबलावर नख वाजवू लागले. “काल तिचं डावं बोट हाललं. ठेक्यावर. मी थांबलो, तर तीबी थांबली.”

त्यानंतर आठवडाभर ते आले नाहीत. वर्तमानपत्रांच्या टेबलावरच मला कळले. सकाळी अंघोळीला जाताना काकांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत गेले. वरातीची थट्टा करणाऱ्यानेच ते सांगितले, चष्मा पुसत.

मी घरी गेले तेव्हा शेवगावला दिलेली त्यांची मुलगी आईला न्यायला आली होती. सामान बांधलेले होते. खाटेवर चादरीत वाद्य, त्यावर आमचे पुस्तक, बाराव्या पानात पितळी पत्र्याची एक पट्टी. काकू खिडकीशी, लाकडी खुर्चीत.

“ताई, तुमाला येतं का हे वाजवता?” मुलीने विचारले. “आमचे बापू म्हनायचे, बाईंनीच शिकवलं.”

मी फक्त वाचून दाखवले होते. काकूंच्या खुर्चीपाशी बसले, तर्जनी वाकवली, आणि खुर्चीच्या हातावर नखाने तो ठेका धरला. माझे नख आखूड; आवाज कोरडा, लाकडाचा.

काकूंची मान वळली. सावकाश, खिडकीवरून माझ्यावर आली, आणि माझ्यावर न थांबता पुढे, दाराकडे गेली. तिथेच राहिली. डावे बोट मांडीवर हलू लागले.

दारात कुणी नव्हते. मुलगी पदर तोंडाशी धरून भिंतीकडे वळली. मी वाजवत राहिले. ठेका धरायचा कसा, तेवढेच त्या धड्यात होते; थांबवायचा कसा, ते आम्ही अजून वाचले नव्हते.