पुलगावचा मालधक्का आणि ह्यांचा वारफेज

प्रभाकरभाऊंचा फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. "वहिनी, पुढच्या रविवारी धक्क्यावरचे आमी सारे माह्या घरी जमून राह्यलो. सायबाची आठवण म्हणून. तुमी येजा, अन् दोन शब्द बोलजा." आमचे हे पुलगावच्या रेल्वे मालधक्क्यावर मालबाबू होते आणि प्रभाकरभाऊ त्यांच्या हाताखाली. ह्यांना जाऊन वर्ष उलटलं, तरी मी पुलगावकडे फिरकले नव्हते. पण बोलायचं आहे म्हटल्यावर माझं मन बदललं. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते सांगायची मला हौस होती. आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लपवायला नको.

सांगायचं होतं ते एका शब्दाबद्दल, वारफेज. गाडीतून उतरलेला माल ठरल्या वेळेत उचलला नाही तर रेल्वे जो आकार लावते, तो वारफेज. आमच्या घरात हा शब्द मीठ-मिरचीसारखा वापरात होता. ताट वाढूनही कोणी आलं नाही की हे ओरडायचे, "या लवकर, वारफेज सुरू झाला!" मूळ शब्द वार्फ, म्हणजे जहाजाचा माल चढतो-उतरतो तो पाण्याकाठचा धक्का. त्याची एक गोष्ट हे धक्क्यावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. इंग्रजांची नदीकाठी गोदामं होती. 'वेअरहाऊस अ‍ॅट रिव्हर फ्रंट' एवढं लांबलचक पाटीवर कोण लिहिणार? म्हणून पहिली पहिली अक्षरं घेतली आणि झाला वार्फ. ऐकणारा "वा!" म्हणायचा आणि ह्यांची छाती फुगायची.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं मी ह्यांनी घरी आणलेल्या कोऱ्या मालपावत्यांवरून शिकले. हे गेल्यावर संध्याकाळ खायला उठायची, म्हणून वर्ध्याच्या वाचनालयात बसू लागले. तिथे शब्दांची कुळकथा सांगणारा एक जाडजूड इंग्रजी कोश आहे. एका संध्याकाळी ह्यांचा शब्द बघावा म्हणून तो उघडला, अडलं तिथे ग्रंथपालांना विचारलं, आणि ह्यांची गोष्ट खोटी निघाली.

वार्फ हजारएक वर्षं जुना आहे. अक्षरं जोडून शब्द करायची रीत त्या काळी नव्हतीच. जुन्या इंग्रजीत तो ह्वेअर्फ असा होता. वळणं, फिरणं, ये-जा करणं या अर्थाच्या शब्दाचा तो भाऊबंद. आधी नुसता काठ, मग बांधलेला काठ, मग तिथे माल ठेवायचं भाडं. शेजारच्या जर्मन भाषेत त्याच घराण्यातला शब्द जहाजं बांधायच्या जागेला लागला. आणि आपल्याकडे समुद्रापासून इतक्या दूर, कापसाच्या मुलखात, तो सिमेंटच्या पोत्यांवर येऊन बसला. आपणही तसंच केलं आहे. धक्का बंदरावरचा, पण मालधक्का म्हणतो तो पुलगावचा. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतकी मी खुश होते.

रविवारी सकाळी मी आणि शालूताई वर्ध्याच्या स्टँडवरून निघालो. शालूताई माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. देवळीमार्गे जाणारी एसटी घ्या, बायकांना अर्धं तिकीट आहे. सकाळी डाव्या खिडकीशी बसू नका, ऊन थेट डोक्यावर येतं. आम्ही बसलो आणि पदर ओढून घेतला. थंडीचे दिवस, दोन्हीकडे फुटलेला कापूस, वेचणाऱ्या बायका. देवळीला गाडी थांबली तेव्हा शालूताईंनी सांबारवडी घेतली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. गरम असेल तरच घ्या, गार झाली की तेल तेवढं लागतं.

पुलगावला उतरून आधी नदीवर गेलो. ऑटोवाल्याने शंभर सांगितले. शालूताई म्हणाल्या, "नदी इकत घ्याची नाई बापा, पाह्याची हाय." तो हसला आणि साठवर आला.

वर्धा नदीचं पाणी उतरलं होतं. पलीकडचा काठ अमरावती जिल्ह्याचा. अलीकडे दोन बायका गोधड्या धूत होत्या, एक म्हातारा म्हशीच्या पाठीवर पाणी मारत होता. गोदाम नाही, जहाज नाही. पण जुन्या अर्थाने हाच वार्फ, माणसं येतात, वळतात, जातात तो काठ. मी तिथे उभी राहून भाषण मनात म्हणून पाहिलं. शालूताईंनी विचारलं, "काय पुटपुटून राह्यली? मंत्र हाय काय?"

मालधक्का रस्त्यावरूनच पाहिला, आत जायला परवानगी लागते. पत्र्याचं लांब छप्पर, खताची पोती. ह्यांची खुर्ची जिथे असायची ती खिडकी बंद होती. मी तिथे जास्त वेळ थांबले नाही.

प्रभाकरभाऊंच्या अंगणात पंधरावीस माणसं होती, बरेचसे जुने हमाल, दोघे-तिघे बाबू, त्यांच्या घरच्या बायका. खुर्चीवर ह्यांचा फोटो, हार, उदबत्ती. शेजारच्या टेबलावर चकचकीत कागदात बांधलेलं काहीतरी चपटं ठेवलं होतं. एकेक जण बोलला. एक हमाल म्हणाला, "सायेबानं आमाले कधी अरे-तुरे केलं नाई." मग मला उभं केलं.

मी वारफेज म्हटलं आणि सगळे हसले. गोष्ट आता येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रभाकरभाऊ तर ओठ हलवत होते. आणि मी म्हणाले, "ती गोष्ट खोटी आहे. ह्यांना कोणीतरी चुकीचं सांगितलं आणि हे जन्मभर तेच सांगत राहिले."

अंगणातलं हसू थांबलं. मला वाटलं, लोक लक्ष देऊन ऐकताहेत. मी जुनी इंग्रजी सांगितली, जर्मन सांगितली. तोच मघाचा हमाल, रागाने नाही, नुसतं समजून घ्यावं तसं म्हणाला, "म्हंजे सायेब आमाले खोटं सांगत होते काय?"

मी म्हणाले, "खोटं नाही, अर्धवट ज्ञान." हा शब्द मी वापरला. ह्यांच्या फोटोशेजारी उभं राहून.

प्रभाकरभाऊंच्या बायकोने टेबलावरची ती चपटी वस्तू हळूच उचलली आणि पदराआड धरून आत नेली. मी खाली बसले तेव्हा शालूताई कानाशी म्हणाल्या, "मेल्यावरबी सोडलं नाई तुनं माह्या भावाले."

जेवणात भरली वांगी, पोळ्या, कढी होती. स्वयंपाक उत्तम होता, माझ्या ताटात आग्रह करकरून वाढलं गेलं. कोणी टोमणा मारला नाही, त्याचाच त्रास झाला. हात धुताना मी प्रभाकरभाऊंना विचारलं, "ते टेबलावर काय होतं?"

"काई नाई वहिनी. राहू द्या."

"माझ्यासाठी होतं ना?"

ते आत गेले आणि घेऊन आले. लाकडी चौकटीत पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी. निळ्यावर पांढरी अक्षरं: वार्फ म्हणजे वेअरहाऊस अ‍ॅट रिव्हर फ्रंट. खाली ह्यांचं नाव आणि 'आमचे मालबाबू'.

"साऱ्यायनं मिळून केली," ते मान खाली घालून म्हणाले. "आता आमी दुसरी करून देतो. तुमचं जे खरं हाय ते लिहून द्या."

मी पाटी छातीशी धरली आणि नको म्हणाले.

परतीच्या गाडीत शालूताई झोपल्या. पाटी माझ्या मांडीवर उभी होती. हे असते तर काय झालं असतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. माझं सगळं ऐकून "बरं बाई, तू हुशार" म्हणाले असते आणि दुसऱ्या दिवशी नव्या माणसाला तीच गोष्ट सांगितली असती. मग मी चिडले असते, मग चहा झाला असता. इतकी वर्षं इंग्रजीच्या वादात जिंकायचे ते आमचे हेच. मी जिंकायला दिवस निवडला तो उलट उत्तर देणारा माणूस नसतानाचा, आणि जागा निवडली ती ज्यांना तो आवडत होता त्यांचं अंगण.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "भाऊ, माझं चुकलं."

"काऊन वहिनी? खरं तेच तं सांगतलं तुमी." मग म्हणाले, "आता मी दोन्ही सांगीन. पह्यले सायबाचं, मंग तुमचं. पण सायबाच्या वक्ताले लोक हसतीन अन् तुमच्या वक्ताले जांभया देतीन, हे सांगून ठेवतो."

कोणाला जायचं असेल तर पुलगाव एका दिवसात होतं. नदी सकाळी बघा, तेव्हा काठावर माणसं असतात.

पाटी मी बैठकीत लावली आहे. आलेला प्रत्येक जण वाचतो आणि विचारतो, "असं आहे होय?" मी म्हणते, "हे सांगायचे." तेवढ्यावर थांबते. पुढचं मात्र दर वेळी अगदी जिभेवर येतं, अजूनही, आणि ह्यांच्या नावाकडे बघायची मला लाज वाटते.