लेकीची रेघ

अत्तार गुरुजींच्या पुढ्यात कुणीही येऊन बसलं, की चहाआधी ते विचारत, "मूळ आडनाव काय?" सांगितलेल्या आडनावावर त्यांचा कधीच विश्वास नसे. आमचे ते शेजारी. माझ्या वडिलांना त्यांनी एकदा सुनावलं, "तुमी लोणकर कसलं? लोणी भापकरवरनं लासुर्ण्यात आला म्हणून लोकांनी लोणकर केलं. मूळचं भापकर तुमी." वडील दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत. स्वतःलाही गुरुजी सोडत नसत. "आमी अत्तार. पण सात पिढ्यांत कुणी बाटलीभर अत्तर इकलं न्हाय."

शाळेतून निवृत्त झाल्यावर ते लोकांच्या वंशावळी काढून देत. मोडी वाचत, म्हाताऱ्यांना बोलतं करत. मोठ्या कागदावर वर मूळ पुरुष, खाली रेघा आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला वर्तुळात नाव. लहानपणी आमच्या कागदावर मी मला शोधलं आणि सापडले नाही. गुरुजी हसले. "लेकीची रेघ वढत न्हाईत, पोरी. ती सासरच्या कागदावर जाती." सासरच्या कागदावरही सुना नसतात, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांना एकच मुलगी, शमा. ती बारामतीला दिलेली. एका ईदला ती माहेरी आली, तेव्हा गुरुजींनी कौतुकानं अत्तारांची वंशावळ तिच्यापुढे उलगडली. शेवटी गुरुजींचं नाव, त्याखाली कोरा कागद. मी तिथंच शिरखुर्मा खात बसले होते.

"अब्बा, तुमच्यापाशी संपलं व्हय सगळं?" शमा म्हणाली.

"रीतच हाय ती, बाय. म्या न्हाय केली."

तिनं कागदाची गुंडाळी करून नीट दोरा बांधला आणि आत निघून गेली. मला गुरुजींचा राग आला होता. पुढच्याच वर्षी शमा काविळीनं गेली. मूलबाळ काही नव्हतं.

तिचा चाळिसावा झाला आणि गुरुजी एसटीनं गावोगाव निघाले. जिथं जिथं वंशावळ काढून दिली होती, त्या प्रत्येक दारात जाऊन म्हणत, "माझी चूक झाली. लेकी राह्यल्या. नावं सांगा." लोक चक्रावत. चार पिढ्यांचे पुरुष घडाघडा सांगणाऱ्यांना सख्ख्या आत्याचं नाव आठवत नसे. "इंदापूरला दिली व्हती, एवढंच ठावं हाय." मग गुरुजी इंदापूर गाठत. वरकुट्यात एकजण म्हणाला, "गुरुजी, पोरी मोजून काय जमीन वाढणार हाय?" गुरुजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ओसरीवरच्या त्याच्या आईला विचारलं, "आक्का, माहेरी तुमाला काय म्हणायचे?" तिचं नाव लग्नात बदललेलं. म्हातारी पदर तोंडाला लावून रडली. "ठकू," ती म्हणाली. परत येऊन मला हे सांगताना गुरुजींचे डोळे भरून आले होते.

त्याच दिवशी त्यांनी आमचा कागद मागून घेतला आणि वडिलांच्या खाली माझी रेघ ओढली.

गेल्या उन्हाळ्यात गुरुजी गेले. आठ दिवसांनी त्यांच्या बायकोनं, चाचींनी, मला बोलावून अत्तारांची गुंडाळी हातात ठेवली. उघडली, तर गुरुजींच्या नावाखाली एक रेघ होती, टोकाला वर्तुळही होतं. वर्तुळ रिकामं.

"रोज कागद काढायचे, पेन धरायचे, परत ठिवायचे," चाची म्हणाल्या. "म्हणायचे, जित्ती असताना लिवलं न्हाय, आता कुठल्या तोंडानं लिवू? तू लिव, पोरी. तुला त्येंनीच शिकवलंय."

मी वर्तुळात शमाचं नाव लिहिलं. चाचींना वाचता येत नाही.

"लिवलंस?"

"व्हय, चाची."

त्यांनी चाचपत त्या वर्तुळावर बोट ठेवलं. शाई अजून ओली होती. नाव पुसेल, असं मी सांगणार होते, पण सांगवलं नाही.