फाट्यापर्यंतची बस

ट्रॉलीबस हा शब्द मी पहिल्यांदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात ऐकला. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सरांनी फळ्यावर एक बस काढली आणि तिच्या टपावरून दोन दांडे निघून वरच्या विजेच्या तारांना टेकलेले दाखवले. रूळ नाहीत, डिझेल नाही. कुणा सल्लागारांकडे शहरातल्या कोरमंगलापासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत अशी बस चालेल का याचा अभ्यास चालू होता आणि प्रवाशांची मोजणी आमच्या वर्गाकडे आली होती. तारा फक्त मोठ्या रस्त्यावर असणार होत्या. तिथून आत, आनेकलच्या बाजूच्या गावांना, साध्या बस जोडायच्या होत्या. ज्या गावचे प्रवासी जास्त, त्या गावाला आधी बस.

हे मी घरी सांगितलं. सांगायला नको होतं, असं आता वाटतं.

आमचं गाव त्या मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून पाऊण तासाच्या पायवाटेवर, रागीच्या शेतांपलीकडे. पन्नासेक घरं, त्यात आम्हा मराठी बोलणाऱ्यांची सात-आठ. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. धाकटी बहीण दहावी झाली होती, माझ्यापेक्षा चांगल्या गुणांनी, आणि तेव्हापासून घरीच होती. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, फाट्यावर शिवणकामाचं दुकान होतं. "सकाळी मी सोडीन तिला बसपर्यंत," ते म्हणत. "संध्याकाळी दुकान टाकून कोण येणार? गावात बस येऊ दे, दुसऱ्या दिवशी आनेकलच्या कॉलेजात नाव घालतो." अप्पा शब्द फिरवणारे नव्हते. म्हणून बहिणीने ती ट्रॉलीबस माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली.

मोजणी आठवडाभर चालली. बसमध्येच प्रवाशांना विचारून तक्ता भरायचा. त्यात एक रकाना होता: घर कोणत्या गावात. आता आमच्याकडच्या माणसांची एक सवय सांगायला हवी. बाहेर कुणी विचारलं तर आम्ही गावाचं नाव घेत नसू. "फाट्यावर," एवढंच. गावाचं नाव सांगितलं की समोरचा "ते कुठे आलं?" विचारणार, मग शेतं सांगा, तळं सांगा, आणि शेवटी फाटाच सांगावा लागणार. त्यापेक्षा सुरुवातीलाच फाटा. मीही कॉलेजात तेच सांगितलं होतं. फाटा म्हणजे डांबरी रस्ता, दुकानं, टेलिफोन. माझ्या जोडीला मोजणीसाठी दिलेला मुलगा कोरमंगलाचा, अधिकाऱ्याच्या घरातला. त्यालाही मी फाट्याचाच वाटत होतो.

तिसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या अक्का बसमध्ये भेटल्या, मांडीवर भाजीची रिकामी टोपली घेऊन. मी तक्ता पुढे धरून, अनोळखी असल्यासारखं, त्यांना घर कुठे म्हणून विचारलं.

"अय्यो! माझं घर तुला ठाऊक नाही?" त्या सगळ्या बसला ऐकू जाईल अशा हसल्या. "परवा माझ्या पायरीवर बसून दोन भांडी ताक प्यायलास, ते काय स्वप्नात?"

माझा जोडीदारही हसला. "ओळखीच्या आहेत का? म्हणजे याही फाट्याच्या?" त्याने मला कन्नडमध्ये विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय समजलं कोण जाणे. "सरी, बरं, फाटाच लिही," त्या हळूच म्हणाल्या. "आपलं गाव कुणाला ठाऊक आहे?"

मी फाटा लिहिलं. आणि मग जोडीदार शेजारी असताना दुसरं काही लिहिणं कठीण झालं. गावचं माणूस दिसलं की मी विचारतही नसे. रकान्यात फाटा लिहून पुढे सरके.

रोज घरी आल्यावर बहीण विचारायची, "आपले किती झाले, अण्णा?"

"बरेच झाले," मी म्हणायचो. ते खोटं नव्हतं.

महिन्याभराने सरांनी भिंतीवर नकाशा लावला. प्रत्येक गावावर लाल वर्तुळ होतं, प्रवासी जास्त तिथे मोठं. फाट्यावरचं वर्तुळ चांगलंच मोठं होतं. आमच्या गावावर काहीच नव्हतं. सर पट्टी फिरवत म्हणाले, "इथून कुणी प्रवासच करत नाही, ही बाजू सोडून देता येईल." माझा हात बाकावर होता. तो वर करायचा एवढंच काम होतं. जोडीदार माझ्या शेजारीच बसला होता. मी हात वर केला नाही.

तारा काही आल्या नाहीत. ट्रॉलीबसचं नाव दोन वर्षांत कुणी काढेनासं झालं. साधी बस मात्र वाढवली, ती फाट्याच्या पलीकडच्या एका गावापर्यंत. आमच्या तक्त्यांमुळेच तसं झालं की आमचे तक्ते कुणी उघडलेही नाहीत, हे मला आजही सांगता येत नाही.

अप्पांनी दुकानात दुसरं मशीन घेतलं आणि बहीण त्यावर बसू लागली. सकाळी त्यांच्याबरोबर जायची, संध्याकाळी त्यांच्याबरोबर परत यायची. आता सोबतीचा प्रश्न उरला नव्हता.

एका रविवारी मी तिला सगळं सांगितलं. ती काजं करत होती. "सगळेच तसं सांगतात, अण्णा," ती म्हणाली. मला जरा सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण लिहिणारा तू होतास."

नंतर काही महिन्यांनी मी दुकानासमोर बसची वाट पाहत होतो. कपडे न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, "तुम्ही कुठले?" बहिणीचं मशीन थांबलं. मी गावाचं नाव सांगितलं, नीट, मोठ्याने.

"ते कुठे आलं?" त्याने विचारलं.

मी काही बोलायच्या आत बहिणीने दाताने दोरा तोडला, त्याचा सदरा घडी करून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "इथंच. फाट्याजवळ."