वजडीवाल्याची शोकांतिका

एडविन हॉल्सॉल रंगमंचावर पहिल्यांदा मेला तेव्हा जेमतेम विशीचा होता. पडदा उघडला की दिवाणखान्यात एक प्रेत दिसायचं, ते प्रेत म्हणजे एडविन. काम सोपं होतं, नुसतं पडून राहायचं. पण गालिचा वर्षानुवर्षं कोणी झटकलेला नव्हता. "याचा प्राण जाऊन बराच वेळ झालाय," असं इन्स्पेक्टर म्हणतोय तोच प्रेताला सणसणीत शिंक आली. प्रेक्षकांची हसून मुरकुंडी वळली. नाटक कंपनीच्या मालकीणबाई बीट्रिस थॉर्नली यांनी तर ही शिंक रोज जमेल का असं विचारलं. एडविनला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं होतं. त्याला लोकांना रडवायचं होतं.

घर उत्तर इंग्लंडमधल्या बोल्टनचं. वडील जोनस यांचं वजडीचं, म्हणजे जनावरांची आतडी-पोटं शिजवून विकायचं दुकान. दुसरं महायुद्ध संपलं तरी मटण रेशनवरच मिळायचं, वजडीला मात्र रेशन नव्हतं, त्यामुळे दुकानात गर्दी. पोरगा गल्ल्यावर बसायचं सोडून समुद्रकाठच्या नाटक कंपनीत गेला हे जोनसना कधी पचलं नाही.

"रोज दुसऱ्याचे कपडे घालून खोटं बोलायचं," ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "त्यापेक्षा वकील झाला असता."

थॉर्नलीबाईंच्या कंपनीत दर सोमवारी नवं नाटक. या आठवड्यात बटलर, पुढच्या आठवड्यात पाद्री, त्याच्या पुढच्या आठवड्यात बुटांसकट तोच बटलर. संवाद पाठ होईस्तोवर नाटक उतरलेलं असायचं. विंगेत प्रॉम्प्टिंगला ओलवेन नावाची वेल्सची मुलगी बसायची. एडविन विसरला की ती इतक्या प्रेमाने वाक्य पुरवायची, की तो मुद्दाम विसरायला लागला. थॉर्नलीबाई म्हणाल्या, "तू हिच्याशी लग्न कर बाबा, म्हणजे निदान संवाद तरी घरून पाठ करून येशील." त्याने केलं.

मग त्याने स्वतः नाटक लिहिलं, 'काळा एप्रन'. एका हट्टी वजडीवाल्याचा मुलगा नट होतो, बाप त्याला घराबाहेर काढतो आणि अखेर मरणाच्या दारात त्याची माफी मागतो. लिहिताना एडविन स्वतःच दोनदा रडला. ओलवेनने वाचून विचारलं, "हे दुःखाचं आहे ना?"

"म्हणजे काय? तुला दिसत नाही?"

"दिसतं की," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे ती बराच वेळ खोकत होती.

बापाचं काम कंपनीतला ज्येष्ठ नट करणार होता, पण आयत्या वेळी त्याचा घसा बसला. मग लोकरीची दाढी चिकटवून एडविनच बाप झाला. त्यातच बोल्टनहून आईवडील आले. आई फ्लोरीने नवऱ्याला रविवारचा कोट घालायला लावून बसमध्ये बसवलं होतं. कसला खेळ आहे, ते तिने सांगितलं नव्हतं.

पडदा उघडला. एडविनने कढईशी उभं राहून, जोनस बोलायचे तसं, नाकातून पहिलं वाक्य टाकलं. लोक हसले. त्याला वाटलं, दाढी सुटली असेल. दाढी जागेवर होती. तो आणखी कळवळून बोलायला लागला, तसे लोक आणखी हसायला लागले. बाप मुलाला हाकलतो त्या प्रसंगात त्याने सगळा जीव ओतला. बाप ओरडतो, "निघ इथून. आणि जाताना त्या बाईला कांदा दे, कधीची उभी आहे ती." या वाक्याला हुंदके येतील अशी एडविनची खात्री होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईची हॅट हसता हसता खाली पडली.

मग त्याने कढईतून वजडी बाहेर काढली आणि तिसऱ्या रांगेतून ओळखीचा आवाज आला.

"अरे, एवढ्यात काढू नकोस. कच्ची आहे ती."

जोनस उभे राहिले होते. विंगेत ओलवेनने संहिता चाळली, पण त्यात यावर काहीच नव्हतं. एडविनच्या तोंडून बापाच्याच आवाजात आपोआप निघालं, "दुकान माझं आहे, साहेब. तुम्हाला हवी तेवढी शिजवायला तुमचं दुकान काढा."

"खाली बसा हो," फ्लोरी म्हणाली, "ते तुम्हीच आहात."

त्यानंतर जे हसू उसळलं ते थांबेपर्यंत एडविनला कढईशी ताटकळत उभं राहावं लागलं.

खेळ संपल्यावर तो मेकअपच्या खोलीत आरशाकडे पाठ करून बसला. थॉर्नलीबाई आत आल्या. "पुढच्या आठवड्यातही हेच नाटक चालू ठेवायचं. माझ्या थिएटरात असं आजवर झालेलं नाही."

"मी शोकांतिका लिहिली आहे, बाई."

"लिहिलीस ना? मग लोकांना कळू देऊ नकोस."

त्या गेल्या आणि दारात जोनस येऊन उभे राहिले, हातात टोपी.

"मी असा बोलतो?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा."

"तुझी आई म्हणते, याहून वाईट बोलतो." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "तो म्हातारा शेवटी माफी का मागतो?"

"नाटक आहे ना."

"मी नाही मागणार."

"माहीत आहे मला."

जोनसनी टोपी उलटसुलट फिरवली. "पण तो मागत होता ना, तेव्हा वाटलं, मागू दे बिचाऱ्याला. सुटेल." मग उठले. "दाढी नीट काढ. ओढू नकोस, कातडी सोलून निघेल."

त्या दिवसापासून दुकानात वजडीबरोबर एक वाक्य फुकट मिळायला लागलं, "नाटकातला तो मीच." गिऱ्हाइकांना ते तोंडपाठ झालं.

'काळा एप्रन' गावोगाव गेलं. एडविनला एक गोष्ट कळून चुकली होती. तो जितका मनापासून दुःखी होई, तितके लोक जास्त हसत. म्हणून तो रोज मनापासून दुःखी होई. पुढे लंडनच्या एका नाटक कंपनीने ते नाटक उचललं आणि बापाच्या कामाला एक नावाजलेला विनोदी नट घेतला. तो प्रत्येक वाक्यावर प्रेक्षकांना डोळा मारायचा. कोणी हसलं नाही. नाटक पंधरवड्यात उतरलं. एडविनने त्यानंतर आणखी नाटकं लिहिली, मुद्दाम विनोदी. ती बघून लोक गंभीर होऊन घरी जायचे. पोट भरायला बटलर आणि पाद्री होतेच.

साठी उलटल्यावर तो आणि ओलवेन तिच्या बहिणीकडे यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात गेले. तिथलं महिला मंडळ चर्चच्या हॉलमध्ये 'काळा एप्रन' बसवत होतं. त्यातल्या डॉक्टरचं काम करणारा माणूस शिडीवरून पडला होता, तेव्हा बहिणीने परस्पर मेहुण्याचं नाव दिलं. हा लेखक आहे हे सांगायला ती विसरली. एडविनही बोलला नाही.

नाटक बसवत होत्या पाद्रीबाई, म्हणजे तिथल्या पाद्र्यांच्या पत्नी मिसेस पिल्किंग्टन. एडविनने डॉक्टरचं पहिलं वाक्य म्हटलं आणि त्यांनी पेन्सिल वर केली.

"मिस्टर हॉल्सॉल, तुम्ही हसवायला बघताय. हे फार दुःखी नाटक आहे. पुन्हा वाचा."

एडविन त्यांच्याकडे बघतच राहिला. "बरं," तो म्हणाला आणि त्याने निमूटपणे पुन्हा वाचलं.

खेळाच्या दिवशी हॉल भरला होता. लोक पहिल्या वाक्यापासून जे हसायला लागले ते शेवटपर्यंत. पडदा पडल्यावर पाद्रीबाई मागच्या खोलीत चहाच्या किटलीपाशी पाठ फिरवून उभ्या होत्या. खांदे हलत होते.

"मी सगळं वाटोळं केलं," त्या म्हणाल्या. "लेखक इथे असता तर त्याला काय वाटलं असतं?"

"बसा आधी," एडविनने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. "पहिल्या खेळाला मलाही असंच झालं होतं."

"कुठल्या पहिल्या खेळाला?"

ओलवेनला राहवलं नाही. "अहो, लिहिलंय यानंच."

पाद्रीबाईंनी नाक पुसलं आणि त्याला नीट न्याहाळलं. मग त्यांनी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं. जराही हलकं न करता."

"उद्याचाही खेळ आहे," त्या म्हणाल्या आणि त्याला चहा ओतून दिला. "मात्र तुमचं ते डॉक्टरचं वाक्य अजून नीट येत नाहीये. सकाळी जरा लवकर या."

"येतो बाई," एडविन म्हणाला.