हेल्मेट मी दिलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय – मलाच ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात मी मिशिगनमधल्या एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा ट्रेनर होतो. इथला, अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याला धडक द्यायची. खेळाडूंचे घोटे पट्ट्यांनी बांधायचे, सुजलेल्या गुडघ्यांवर बर्फ ठेवायचा – हे माझं काम. नागपूरहून आलेल्या मला ही नोकरी दिली ती कोच ब्रॅनिकनी. ते स्वतः कित्येक वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलेले. तेव्हा दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शन टोचून त्यांना मैदानात ढकलत. त्याची त्यांना भयंकर चीड होती. म्हणून आमच्याकडे त्यांनी एक नियम केला – डोक्याला मार बसला की खेळाडूचं हेल्मेट ट्रेनरनं काढून घ्यायचं. ट्रेनर ते परत देईपर्यंत तो खेळणार नाही. खुद्द कोचनी सांगितलं तरी नाही. एवढा विश्वास माझ्यावर आयुष्यात दुसऱ्या कुणी टाकला होता?

आणि मी काय केलं?

त्या शनिवारी ट्रॉय शहरातून आमच्या मराठी मंडळातली चार कुटुंबं मॅच बघायला आली होती. मंडळात सगळे इंजिनियर नाहीतर डॉक्टर. मलाही ते डॉक्टरच समजत – टीमचा डॉक्टर. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. ऐकायला बरं वाटायचं, दुसरं काय.

दुसऱ्या हाफमध्ये केनीला जोरात धडक बसली. केनी दुसऱ्या वर्षाला होता, घोटे बांधून घेताना फालतू विनोद सांगून स्वतःच हसायचा. मी त्याचं हेल्मेट काढून घेतलं, त्याला बाकावर बसवलं. आज वार कोणता, स्कोअर काय – विचारायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून मंडळातल्या देशपांडेकाकांची हाक आली, "अहो डॉक्टर, इकडे बघा, एक फोटो घेतो!"

मी वळलो. केनीचं हेल्मेट छातीशी धरून उभा राहिलो – हसून. काकांनी एक फोटो काढला, मग काकूंना दुसरा हवा होता. केनी म्हणाला, मी ठीक आहे. मी हेल्मेट त्याच्या हातात दिलं. माझे प्रश्न अर्धेच राहिले होते, आणि विचारले त्यांचीही उत्तरं मी ऐकली नव्हती.

पुढच्या धडकेनंतर तो उठला नाही. जगला – पण पुन्हा कधी नीट चालला नाही.

कॉलेजनं चौकशी लावली. समोर पाच माणसं, शेजारी कोच. मला विचारलं, हेल्मेट परत द्यायला कुणी सांगितलं?

मी म्हणालो – कोचनी.

घाबरलो होतो. व्हिसा, नोकरी, मंडळातली अब्रू. पण नुसत्या भीतीनं ते तोंडातून निसटलं, असं नाही. कोचना हल्ली विसरायला होत होतं. खेळायच्या दिवसांत डोक्यावर झेललेले मार – दुसरं काय असणार? डावांची नावं अडकली की मी हळूच सांगायचो. कॉलेजात हे मला एकट्याला माहीत होतं. हे खोटं खपेल, हे मला माहीत होतं.

कोच माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही – काहीतरी शोधत असल्यासारखे. मग त्या पाच जणांना म्हणाले, "मला आठवत नाही. पण मिलिंद खोटं बोलत नाही. तो म्हणतोय, तर मी सांगितलं असेन."

त्यांची नोकरी गेली. पुन्हा कुठल्याही कॉलेजनं त्यांना दारात उभं केलं नाही. गाव सोडण्याआधी ते हॉस्पिटलात केनीच्या आईला भेटायला गेले, आणि एकट्यानं जायचा धीर होईना म्हणून मला सोबत घेतलं. तिच्यासमोर ते लहान मुलासारखे रडले. जे माझ्या बाबतीत झालं तेच मी तुमच्या मुलाच्या बाबतीत केलं, म्हणाले. मी दाराशी उभा होतो – तेव्हा तरी बोलायला काय हरकत होती?

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझी माफी मागितली. तुझ्या मनाविरुद्ध मी तुला ते हेल्मेट द्यायला लावलं, म्हणाले.

मी म्हणालो, "इट्स ओके, कोच."