आईचा नवस आणि सुटे पैसे

लढाईच्या दिवसांत पनवेलच्या बाजारातून सुटे पैसे नाहीसे झाले. वाणी मोड म्हणून हातावर काडेपेटी ठेवी. मी मामलेदार कचेरीच्या ट्रेझरीत नवा कारकून. चिल्लर दडवणारा तुरुंगात जाईल, हे बाजारभर सांगत फिरणं माझ्याकडे आलं. आणि माझ्याच घरी, खाटेखाली, चिल्लरीने भरलेले हंडे होते.

मुलाला सरकारी नोकरी लागली की तांब्याच्या पैशांनी त्याची तुळा करून ते देवाला वाहायचे, असा आईचा नवस. मी शाळेत होतो तेव्हापासून ती साठवत होती. नोकरी लागली, पण पगार सुरू होताच मी अंगानं फुगलो. तुळेला पैसे पुरेनात.

एकदा माझं भाषण ऐकून एक कोळीण म्हणाली, "सायेब, तुमच्या घरात तरी मोड हाय का?"

"नाही," मी म्हणालो. त्या दिवशी घरी येताच आईला गाठलं.

"आई, पैसे ट्रेझरीत भरून टाकू."

"देवाचे पैसे त्या गोऱ्याला? त्यापेक्षा तू बारीक हो."

मी उपास धरला. पण तेव्हा सरकारी नोकरानं उपास करणं म्हणजे राजद्रोहच. मामलेदारांनी आत बोलावून दार लावलं.

"चळवळीत शिरलात की काय? तुमची नोकरी जाईल, वर मी गोत्यात!"

मी रडत हंड्यांचं सांगून टाकलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. "साठेबाज आहात होय! मला वाटलं, देशभक्त." मग हुकूम सोडला: उद्याच तुळा करा, आणि पुजाऱ्यानं ते पैसे ट्रेझरीत देऊन नोटा न्याव्यात.

भाताच्या वखारीतला काटा देवळापुढे टांगला. हंडे रिकामे झाले तरी माझं पारडं जमिनीलाच. आईनं माझा कोट उतरवला, टोपी उतरवली, मग धोतराकडे पाहू लागली.

"म्हातारे, धोतार ऱ्हाऊ दे सायबाचं!" म्हणत तीच कोळीण पुढे आली आणि कमरेची पिशवी तिनं पारड्यात रिकामी केली. मागोमाग वाणी, टांगेवाला. ज्याच्या त्याच्या कनवटीला पैसे निघाले. मी अधांतरी झालो.

"तुझ्याकडे मोड होती?" मी वरूनच विचारलं.

"तुमी नाय म्हनलाव, मंग मी कशाला हाय म्हनू?"

पुढे मी खात्यात मोठा झालो. टंचाई आली की साठेबाजांविरुद्ध कडक परिपत्रकं माझ्याच सहीनं निघतात, आणि सही करताना कान तापतात. कारण आईच्या मते लोकांच्या पैशांनी नवस फिटत नाही. तिनं त्याच आठवड्यात हंडा पुन्हा खाटेखाली सरकवला, आणि मी तो पाहिला नाही.